दुबईची फेरी रद्द

नव्व्याण्णव साली धोंड्याचा महिना आला आणि कळंबच्या भागुजींनी जाहीर केलं, की लेकजावयाला आणायला मुंबईच्या विमानतळावर आपण स्वतः जाणार. लेक कल्याणी लग्न करून दुबईला गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. दारातून बाहेर पडताना तिला पहिलं तोंड बापाचं दिसावं, एवढीच त्यांची हौस. (अनारसे तळायची हौस त्यांच्या बायकोची, जानकाबाईंची होती, म्हणून त्या घरी राहिल्या.)

भागुजी एसटीचे निवृत्त कंट्रोलर. वेळेच्या बाबतीत कुणी शिकवलेलं त्यांना खपत नसे. कल्याणी गेली तेव्हा विमान दहाला सुटलं होतं आणि पोचल्यावर ती फोनवर म्हणाली होती, इथल्या घड्याळात साडेअकराला उतरलो. झालं, त्या दिवसापासून दुबई दीड तासावर. "आपल्या नाशिकपेक्षा दुबई जवळ हाय राव," असं ते पारावर सांगत. ते खोडून काढायला पारावर कुणी दुबई पाहिलेली नव्हती.

तेव्हा फोन एसटीडीच्या टपरीवर यायचा आणि सगळी आळी तो ऐकायची. काय दिवस होते! कल्याणीनं सांगितलं, दुबईहून सकाळी दहाला निघतोय. पोचायची वेळ ती सांगायला लागली, तर "कंट्रोलरला टाइम सांगती व्हय?" म्हणून भागुजींनी फोन ठेवला.

गावातल्या सयाजीची जीप भाड्यानं करून भागुजी आणि तो अकराच्या आत विमानतळावर हजर. साडेअकरा झाले, साडेबारा झाले. बाहेर येणाऱ्या प्रत्येक घोळक्यात भागुजी लेकीला शोधत होते आणि ती दिसत नव्हती. सयाजी म्हणाला, "भाऊ, चौकशीला इचारू की." पण उभा जन्म खिडकीच्या आत काढलेला माणूस बाहेरून विचारणार कसा? स्टँडवरचा त्यांचा नियम साधा होता. तासभर उशीर म्हणजे पंक्चर, दोन तास म्हणजे फेरी रद्द. दीड वाजता त्यांनी दुबईची फेरी रद्द केली.

परतताना माळशेजच्या चढाला जीप तापली, ती अंधार पडेपर्यंत हलली नाही. इंजिन निवायची वाट बघत दगडावर बसलेल्या भागुजींना रडू फुटलं. "यायचं नव्हतं तर सांगावं तरी," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

घरी पोचले तर जावई रवींद्र ओट्यावर अनारसे खात बसलेला. अडीचला उतरून, थोडी वाट बघून, दोघं टॅक्सीनं खंडाळ्याकडून आली होती. कल्याणी धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. रवींद्रनं अदबीनं समजावलं, "मामा, जाता-येता प्रवास तीनच तासांचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणून जाताना दीड दिसतो आन् येताना साडेचार."

भागुजींनी बोटांवर तास मोजून पाहिले. "मंग असं म्हणा की. जाताना उतार, येताना चढ. माळशेजला बी तसंच व्हतं."

जानकाबाईंनी तोंडाला पदर लावला.

महिन्यानं लेकजावई परत निघाले. भागुजी सगळ्यांच्या आधी टोपी घालून जीपमध्ये बसले. विमान किती वाजता सुटतं, असं त्यांनी विचारलं. कल्याणीनं ती वेळ सयाजीच्या कानात सांगितली आणि बापाला म्हणाली, "आण्णा, तुमी नुसतं गाडीत बसा."