रिव्हरबेंड रेडिओची प्रेतयात्रा

रिव्हरबेंड रेडिओनं गुंजनचा कार्यक्रम बंद केला आणि त्या जागी एका कुत्र्याचं गाणं लावलं. म्हणजे कुत्रा गात नव्हता. एक माणूस गात होता, त्याचा कुत्रा मेला म्हणून. शनिवारी सकाळी गुंजन आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात रेडिओसमोर उभी होती. आता तिचा स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज येणार, "नमस्कार, हॅलो, मी गुंजन!" म्हणणार, आणि तेवढ्यात तो माणूस आला, त्याची गिटार आली आणि मागोमाग त्याचा दिवंगत कुत्रा आला.

"हे काय आहे?" गुंजन किंचाळली.

फोनवर ईमेल येऊन पडला होता. स्टेशनचा मॅनेजर डेक्लन यानं सगळ्यांना मिळून एकच पाठवला होता. आजपासून रिव्हरबेंडवर चोवीस तास फक्त क्लासिक कंट्री, म्हणजे अमेरिकन काउबॉयची गाणी, बाकीच्या कार्यक्रमांना प्रेमानं निरोप! आणि शेवटी काउबॉयची टोपी घातलेला एक हसरा चेहरा. गुंजनला सगळ्यात जास्त राग त्या टोपीचा आला.

कारण ते काही नुसतं दहा मिनिटांचं बोलणं नव्हतं. सहावीत इथं आल्यावर गुंजन शाळेत दोन वर्षं फक्त एक शब्द बोलली होती, "ग्रँड," म्हणजे इथलं 'मस्त'. कशी आहेस, ग्रँड. समजलं का, ग्रँड. डबा सांडला, ग्रँड. मग यंदा शाळेनं प्रोजेक्टसाठी तिला रेडिओवर पाठवलं, आणि माइकसमोर बसल्यावर तिच्या तोंडातून जे काही निघायला लागलं ते थांबेचना. वाऱ्यात मुलींनी शाळेत स्कर्टच का घालायचे, यावर ती दहा मिनिटं भांडली आणि लोकांनी चक्क मेसेज पाठवले. लॉकडाऊन लागल्यावर ती घरातल्या हॉटप्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या गराड्यात बसून रेकॉर्ड करायची. ते कपाट म्हणजे जगातली तिची एकमेव हक्काची जागा. आणि ती कुणी घेतली? मेलेल्या कुत्र्यानं.

"दाद मागायची," मागून आवाज आला.

हे चंद्रहास आजोबा. मिरजेत वीज मंडळाच्या युनियनचे सरचिटणीस होते. लेकाकडे हिवाळाभर म्हणून आले, विमानं बंद झाली आणि इथंच अडकले. वर्षभरात एक मोर्चा नाही, एक घोषणा नाही. पायांना सूज आली होती ती सगळी न काढलेल्या मोर्च्यांचीच, असं त्यांचं ठाम मत होतं.

"आधी निवेदन. मग स्मरणपत्र. मग इशारा. मग आंदोलन," आजोबा बोटांवर मोजत म्हणाले. "पायरी सोडायची न्हाई."

निवेदन गेलं. तत्क्षणी उत्तर आलं: "हाउडी! तुमचा निरोप पोचला." स्मरणपत्र गेलं. "हाउडी! तुमचा निरोप पोचला." चार दिवसांनी लाल अक्षरांत इशारा गेला.

"काय म्हणतोय?" आजोबांनी विचारलं.

"हाउडी."

"म्हंजे?"

"काउबॉय लोक हॅलो म्हणतात ना, तसं."

"इशाऱ्याला हॅलो?" आजोबांच्या कपाळाची शीर टरारून उभी राहिली. "अगं, आमचा चेअरमन एवढा मुर्दाड, पण तोबी इशाऱ्याला 'बघतो' म्हणायचा! ह्यो हॅलो म्हणतोय? मग आता एकच. प्रतीकात्मक अंत्ययात्रा!"

मिरजेत त्यांनी दरवाढीची काढली होती, नव्या मीटरांची काढली होती, एकदा तर साहेबांचीच काढली होती आणि साहेब खिडकीतून बघत होते. तिरडी, पुढे मडकं, मागे छाती पिटत कामगार. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि तिसऱ्या दिवशी वाटाघाटी.

स्टेशन घरापासून सहा किलोमीटरवर आणि लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी, त्यामुळे पुढच्या शनिवारी यात्रा सोसायटीतच काढायची ठरली. गुंजन व्हिडिओ काढून टाकणार होती. आई, म्हणजे उर्मिला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्युटीवर होती, हे फार सोयीचं होतं. प्रभा आजी वरच्या खोलीत हीटरला टेकून बसली होती. थंडीमुळे दिवाळीपासून ती उंबऱ्याबाहेर पडलीच नव्हती.

बांबू नव्हते. इस्त्रीचं टेबल होतं. पाय दुमडले की झकास तिरडी. त्यावर जुना बंद पडलेला रेडिओ ठेवला, तर तो घरंगळायला लागला. म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या, वर आजीची पांढरी चादर घातली, सुतळीनं आवळली. मडक्याऐवजी कुंडी आणि तिच्यात पेटलेल्या उदबत्त्यांचा जुडगा. अंगणातले डॅफोडिल्स खुडून वर वाहिले. उचलायला मात्र दुसरं माणूस लागत होतं.

"बाबा, पाचच मिनिटं," गुंजननं वडिलांना गाठलं.

रविकांत औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर कानात यंत्र खुपसून मीटिंगमध्ये असायचा, शनिवारीसुद्धा. "अगं, ऑडिट चालू आहे," तो कुजबुजला. पण आजोबांनी नुसतं बघितलं, तशी त्यानं मीटिंग कानात तशीच चालू ठेवून टेबलाचं मागचं टोक उचललं.

यात्रा निघाली. पुढे पांढऱ्या टोपीत, धूर सोडणारी कुंडी घेऊन आजोबा. मागे इस्त्रीचं टेबल. मागच्या टोकाला रविकांत खाली मान घालून गंभीरपणे "होय... होय... खेद आहे... पुन्हा होणार नाही" असं मीटिंगमध्ये पुटपुटत होता. पुढच्या टोकाला गुंजन, एका हातात फोन, आणि रागानं तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं.

"रिव्हरबेंड..." आजोबा ओरडायचे.

"हाय हाय!" गुंजन छाती बडवायची, म्हणजे टेबल एका हातावर पेलून दुसऱ्या हातातल्या फोननं.

पहिल्यांदा समोरच्या मिसेस गोगर्टींचा पडदा हलला. मग दार उघडलं. मग शेजारचं. लोक एकेक करून बाहेर आले, आपापल्या फाटकापाशी अंतर राखून उभे राहिले आणि माना खाली घातल्या. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी, म्हणून त्या वर्षी सगळा देश आपल्या मृतांना असाच रस्त्याच्या कडेनं निरोप देत होता. टोप्या निघाल्या. समोरून येणारी गाडी बाजूला थांबली, तिच्यातला माणूस उतरला आणि त्यानं छातीवर क्रॉस केला.

"बघितलंस?" आजोबा भारावून म्हणाले. "याला म्हणत्यात जनाधार! काय माणसं हायत! आमच्या मिरजेत घोषणा द्यायला वडापाव द्यावा लागायचा."

"आजोबा, हे जरा जास्तच सिरियसली घेतायत."

"घेणारच. कार्यक्रम काढला न्हवं का!"

मिसेस गोगर्टी रडत होत्या. फाटकाशी येऊन आजीला रोपं देणाऱ्या त्याच. किती महिने आजी दिसली नव्हती, आणि आता पांढऱ्या चादरीखाली ही दोन उशांएवढी लहानशी आकृती. त्यांनी डोळे पुसले, आत गेल्या आणि डेक्लनला फोन केला. तो त्यांचा मावसभाऊ. त्या गावात प्रत्येकजण कुणाचा तरी मावसभाऊ होता.

यात्रा ग्रीनला, म्हणजे सोसायटीच्या मधल्या हिरवळीला, वळसा घालून परत येईपर्यंत दारासमोर सँडविचचे ट्रे, फळांचा केक आणि चहाचा मोठा थर्मास येऊन बसला होता. मिसेस गोगर्टी तिसरा ट्रे ठेवायला वाकल्या आणि तेवढ्यात दार आतून धाडकन उघडलं.

"माझी चादर कुणी नेली?" प्रभा आजी गरजली.

मिसेस गोगर्टींच्या हातातून ट्रे सुटला. त्यांनी जी किंकाळी फोडली तिनं रविकांतची मीटिंगसुद्धा बंद पडली. दचकून त्यानं टेबल सोडलं, चादर फाटली आणि उशांमधून रेडिओ रस्त्यावर आदळला.

"पोरी," आजी हळूच म्हणाली, पण ते हळूच फार भयंकर होतं, "ही बाई मला बघून का ओरडली?"

गुंजननं मिसेस गोगर्टींकडे पाहिलं, त्यांनी चादरीकडे पाहिलं, आणि सगळं एकदम दोघींच्या लक्षात आलं.

"आजी... त्यांना वाटलं तू... गेलीस."

"कुठं गेले?"

"वर."

"वरच हुते की मी! हीटरपाशी!"

मग वर म्हणजे कुठे ते आजीला उमगलं, आणि तिनं आजोबांकडे असं पाहिलं की कुंडीतल्या उदबत्त्या विझल्या. "मला जित्तेपणी तिरडीवर घातलीसा? माझ्याच चादरीत? इस्त्रीच्या टेबलावर?"

"प्रभे, तो रेडिओ हुता—"

"गप्प बसा!"

एवढ्यात उर्मिलाची गाडी कर्कश ब्रेक मारत थांबली. गळ्यात ओळखपत्र, अंगात पांढरा कोट. "आई कशा गेल्या?" म्हणत ती धावत आली, आणि सासूबाई तिच्यासमोर हातात काकडीचं सँडविच घेऊन उभ्या.

"तुला कुणी सांगितलं?" रविकांतनं विचारलं.

"रेडिओनं! गाणं थांबवून सांगितलं! आख्खी लॅब माझ्यासाठी रडली, दोन-दोन मीटर अंतर ठेवून! मी रडले! हे काय चाललंय?" तिनं इस्त्रीचं टेबल पाहिलं. "गुंजन!!"

गुंजनचा फोन वाजला. डेक्लन. हळवा, जड आवाज. "गुंजन, बाळा, ऐकून फार वाईट वाटलं. आम्ही आत्ता लाइव्ह आहोत. तुझ्या आजीबद्दल दोन शब्द बोलशील का?"

लाइव्ह! सगळा जिल्हा ऐकत होता. एवढे दिवस मनात घोटलेलं, चौदा वेळा आरशासमोर म्हटलेलं ते जळजळीत भाषण जिभेवर आलं. हाउडीबद्दल, त्या टोपीबद्दल, कुत्र्याबद्दल. तिनं स्पीकर लावला, श्वास घेतला—

आणि आजीनं फोन हिसकावला.

"कोण रे तो? मी प्रभा बोलतेय! जित्ती हाय मी! कुणी सांगितलं मेले म्हणून? आनि मेल्याच्या घरी काकडी देत्यात व्हय? आमच्याकडं पिठलं-भाकरी देत्यात! आनि तुझा तो रडतोंड्या गाणारा! आठवडाभर ऐकतेय वर बसून, नातीला अर्थ इचारून. बायको गेली, कुत्रं गेलं, ट्रक गेला. अरं, बायको का गेली ते विचार की त्याला! दिवसभर गिटार घेऊन बसतोय, घरातली भांडी कोण घासणार? मी असते तर कुत्र्याच्या आधी गेले असते!"

डेक्लन घाबरत म्हणाला, "गुंजन... त्या काय म्हणाल्या?"

गुंजननं सगळ्यांकडे पाहिलं. "त्या म्हणतात, सँडविचबद्दल आभार," ती इंग्रजीत म्हणाली. मग तिला राहवेना, आणि तिनं बायको, कुत्रा, ट्रक आणि भांडी सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

स्टेशनची लाइन संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही. माफी मागायला मिसेस गोगर्टी आल्या, पाठोपाठ डेक्लनचा फोन आला. लोकांना आजी हवी होती. दर शनिवारी, सकाळी अकराला, एकेक कंट्री गाणं लावायचं आणि प्रभानं त्याचा निकाल द्यायचा.

"आणि मी?" गुंजननं विचारलं.

"तू ट्रान्सलेट करशील ना?"

गुंजननं फोन ठेवला आणि उशीवर बुक्क्या मारल्या, मढ्याच्या उजव्या बाजूच्या उशीवर. "माझ्या वेळेत! माझ्या कपाटात! मी ट्रान्सलेटर?"

"ऐंशी टक्के मागण्या मान्य," आजोबांनी टोपी काढून ठेवली. "आंदोलन मागं. विजय असो."

"माझ्या किती मान्य झाल्या, आजोबा?"

आजोबा इस्त्रीच्या टेबलाचे पाय उघडायला लागले. वाटाघाटींत असे प्रश्न विचारायचे नसतात.

त्यानंतरच्या शनिवारी दोघी हॉटप्रेसमध्ये दाटीवाटीनं बसल्या. आजी स्टुलावर शाल गुंडाळून, गुंजन टॉवेलांवर गाल फुगवून. पहिलं गाणं लागलं. एक माणूस रात्रभर ट्रक चालवत होता, त्याला घरची आठवण येत होती, आणि तो काही केल्या थांबत नव्हता. गुंजननं अर्थ आजीच्या कानात सांगितला.

"मग थांब की गाडी," आजी म्हणाली.

"वा!" डेक्लन म्हणाला. "प्रभा काय म्हणतात, गुंजन?"

गुंजननं तोंड उघडलं. चार शब्दांचं भाषांतर, झालं, संपलं. समोर माइक होता. तिच्याकडेच तोंड करून होता.

"प्रभा म्हणतात," ती सावकाश म्हणाली, "की या माणसाला वाटतंय आपण बोललो तर कुणी ऐकणार नाही. प्रभांनी अशी खूप मुलं पाहिली आहेत, वर्गात मागे बसून सगळ्याला नुसतं 'ग्रँड' म्हणणारी. त्यांचं म्हणणं आहे की अशा मुलीला विचारा, खरंच कशी आहेस, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि हो, वाऱ्यात स्कर्ट सक्तीचा करणारे जे कुणी आहेत त्यांना प्रभांनी एकदा शाळेच्या मेनगेटवर जानेवारीत उभं करायला सांगितलंय, स्कर्टमध्ये..." ती बोलत राहिली. तिचा आवाज चढत गेला, हात हवेत फिरायला लागले, वरचा एक टॉवेल खाली पडला.

"जीझस," अखेर डेक्लन म्हणाला. "हे सगळं त्या बोलल्या?" आणि त्यानं पुढचं गाणं लावलं.

आजीनं गुंजनची बाही ओढली. "काय गं, एवढं मी बोलले?"

गुंजननं माइकवर हात ठेवला. कान लालभडक झाले होते. "मराठीत कमी शब्दांत जास्त मावतं, आजी."

आजीनं खाली पडलेला टॉवेल उचलून गुंजनच्या मांडीवर ठेवला. मग शाल नीट केली आणि स्टुलावर ऐसपैस बसली.

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या गाण्याला मी नुसतं 'हं' म्हणते."