नावावरचा गुडघा

हातावरची मेंदी पुरती गेली नव्हती, तेव्हाच माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची दुखापत माझ्या नावावर झाली.

तासगावच्या बाहेर बेदाणे ठेवायचं एक जुनं कोल्ड स्टोरेज आहे. त्यात आता बर्फाचा उतार केला आहे. पात्यांचे बूट घातलेले चार खेळाडू वरून एकदम सुटतात. मध्ये वळणं, माणूसभर उंचीचे कडे, एकमेकांना ढकलणं. जो आधी खाली पोचेल तो जिंकला. निनाद, म्हणजे माझा नवरा, या खेळात राज्यात दुसरा आहे. खेळाडूचा हंगाम वाया जाऊ नये म्हणून त्याची दुखापत घरच्या माणसाच्या नावावर करतात. तशी पद्धतच आहे. लग्नाच्या बैठकीत माझ्या मामांनी विचारलंही होतं, "घरात चालू दुखापत काही?" निनादचे काका म्हणाले, "चालू नाही. जुनी आहे एक, पण ती त्याच्या आईकडे." मामांचं समाधान झालं आणि चहा आला.

निनाद तिसऱ्या वळणावर पडला आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. खेळाच्या कार्यालयात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या. एका खुर्चीत त्याला बसवलं, दुसरीत मला. कुलथे नावाचे कारकून आहेत, त्यांनी शिक्का मारला. निनाद उठून पाणी आणायला गेला. मला उठता आलं नाही.

"जपून गं," तो ग्लास देताना म्हणाला, "चांगला गुडघा आहे तो."

कोल्ड स्टोरेजच्याच एका खोलीत व्यायामाचं केंद्र आहे. भिंतींना अजून बेदाण्याचा गोडसर वास येतो. आत सगळ्या आया, बायका, एखादी मावशी. साडीखाली ट्रॅकपँट घालून ओळीने आडव्या. बाहेर बाकावर त्यांचे खेळाडू धडधाकट बसून मोबाइल बघतात. माझ्या शेजारच्या गादीवर बिराजदार काकू होत्या. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर-खाली करत होत्या.

"नवीन का? कुणाचं?"

"नवऱ्याचा गुडघा."

"माझ्या लेकाचा घोटा. तिसरा आहे. पहिले दोन मुलींच्या नावावर केले. त्या सासरी घेऊन गेल्या बघ." त्यांनी पाय खाली ठेवला. "आता मुली संपल्या."

फिजिओथेरपिस्ट सय्यद सर मिरजेहून येतात. त्यांनी माझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि तो खाली दाबायला सांगितला. गुडघ्याने ऐकलं नाही. मी त्यांना म्हटलं, "सर, मी बालवाडीत शिकवते. तिथे खुर्ची नसते. मला मांडी घालून बसता आलं की पुरे."

"ताई, गुडघा तुमच्याकडे असला तरी तो खेळाडूचा आहे," सर म्हणाले. "तो उतारावरून एकदा खाली यायला पाहिजे. आला, की सुटलात. नाही आला, तर तुमच्याकडेच कायम."

"मी आयुष्यात बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय."

"गुडघ्याने पाहिलाय ना," सर म्हणाले आणि दुसऱ्या गादीकडे वळले.

कायम म्हणजे काय, ते मी घरात रोज बघत होते. माझ्या सासूबाईंचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. निनाद कॉलेजात असताना त्याचा खांदा निखळला, तो आईंच्या नावावर झाला. तेव्हा त्यांनी सगळे व्यायाम केले, पण उतारावर जाऊन उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. "खाली बघितलं, आणि गॅस चालू राहिलाय असं वाटलं," एवढंच त्या सांगतात. तेव्हापासून वरच्या फळीवरचे डबे खाली आले आहेत.

बालवाडीच्या बाईंनी कळवलं होतं, शाळा उघडेपर्यंत माझी जागा ठेवू, पुढे नाही. म्हणून मी व्यायाम चुकवले नाहीत. टाच ओढत गुडघा वाकवला. एका पायावर उभी राहिले. मग स्टुलावरून उडी मारून आवाज न करता उतरायला शिकले. निनाद घरी बर्फाच्या पिशवीने शेकायचा. जिना उतरताना आतल्या बाजूला कळ येते, हे मी सांगायच्या आत त्यालाच माहीत असायचं. इतकं मला कुणी कधी ओळखलं नव्हतं. शेकता शेकता तो शर्यतीच्या गोष्टी सांगायचा. त्या महिन्यात तो राज्यात पहिला आला.

"तुझ्यामुळे," तो म्हणाला. ते खरंच होतं.

चाचणीच्या दिवशी मला त्याचेच बूट घातले, पुढे कापूस कोंबून. गुडघ्याला ओळखीचे बूट लागतात. वर उभं राहिल्यावर खालची माणसं शाल पांघरलेल्या ठिपक्यांएवढी दिसत होती. मला गॅसची आठवण आली नाही. मला बालवाडीतली सतरंजी आठवली आणि मी सुटले.

गुडघ्याला वाट माहीत होती. नवीन होते ती बाकीची मी. पहिल्या कड्यावरून तो नीट उतरला. वळणं त्याने मला न विचारता घेतली. ज्या तिसऱ्या वळणावर निनाद पडला होता, तिथे तो किंचित थरथरला, पण टिकला. खाली रेघ ओलांडली तरी मला थांबता येईना. थांबायचं कुणी शिकवलंच नव्हतं, कारण खेळाडूला ते येतंच. मी डावा हात पुढे करून भिंतीवर आदळले.

सय्यद सर धावत आले. आधी त्यांनी गुडघा तपासला. "पास," ते म्हणाले. मग माझा हात उचलला. "मनगट गेलं."

कार्यालयात कुलथे म्हणाले, "उतारावरून खाली आलात, म्हणजे तुम्ही आता खेळाडू. मनगट स्वतःकडे ठेवलंत, तर बरं करून पुन्हा एकदा खाली यावं लागेल. नाहीतर घरच्या कुणाच्या नावावर करता येईल. कोणाच्या करू?"

मी निनादकडे पाहिलं. निनादने बुटांकडे पाहिलं.

"रविवारी सांगलीची शर्यत आहे," तो म्हणाला. "माझं काही नाही गं, पण संघ माझ्यावर आहे."

कुलथे थांबले. नियमाप्रमाणे त्यांना थांबावं लागतं.

दाराशी आई उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि पदर खोचत म्हणाल्या, "माझ्या करा."

"तुमच्याकडे आधीच खांदा आहे, आई," मी म्हटलं.

"त्याच हाताला घाला की. तो तसाही रिकामाच असतो."

निनाद म्हणाला, "आई, कशाला," पण खुर्ची त्यानेच ओढून दिली.

कुलथ्यांनी मला विचारलं, "तुमची हरकत?"

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती. सतरंज्या झटकायला, टांगायच्या चित्रांना दोरे ओवायला त्याच दिवशी बोलावलं होतं. त्या कामाला दोन हात लागतात. माझी हरकत असायला हवी होती, हे मला ठाऊक होतं. आईंनाही ठाऊक असावं, कारण त्या माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

शिक्का पडला. माझा हात एकदम हलका झाला. समोर आईंनी दात आवळले, आवाज मात्र केला नाही.

"थोडे दिवस आखडेल," सय्यद सर त्यांना म्हणाले. "मग टॉवेल पिळायचा व्यायाम सुरू करू."

"करीन," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू निघ बाई. तुझी बस जाईल."

मी निघाले. बसमध्ये जागाही मिळाली.