अध्यक्षांची न संपणारी आंघोळ

अध्यक्षांची आंघोळ काही केल्या संपत नव्हती. बाहेर हॉलमध्ये इमारतीच्या सोसायटीचे सगळे सभासद जमले होते, त्यांचा चहा पिऊन झाला होता, एकमेकांच्या तब्येतीची चौकशीही दोनदा झाली होती. बाथरूमच्या दारामागून मात्र अंगावर पाणी ओतल्याचा आवाज सारखा येतच होता. दाराशी अध्यक्षांचा जावई चुळबुळत उभा होता.

"बाबा, सगळे आलेत. सभा सुरू करायचीय."

"थांबू देत!" आतून अध्यक्ष गरजले. "माझा साबण निघत नाहीये!"

जी गोष्ट जावयाने सासऱ्यांना आंघोळीआधी सांगायची होती, ती सांगायची राहून गेली होती.

त्या गावाचं पाणी इतकं जड होतं, की नळातून पाणी येतं की पातळ दगड, असा प्रश्न पडावा. धुतलेल्या पेल्यांवर पांढरे डाग, किटलीच्या तळाशी चुन्याचा थर, आणि टॉवेल तर वाळल्यावर भिंतीला टेकवून उभा करता यायचा. शॉवरची भोकं अध्यक्ष दर रविवारी स्वतः दाभणाने मोकळी करत आणि सोमवारी ती पुन्हा बुजत. साबणाला फेस येणं ही गोष्ट लोकांनी फक्त जाहिरातीत पाहिलेली होती. त्यामुळे प्रत्येक घरात साबण सढळ हाताने वापरायची पद्धत पडली होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

जावई मूळचा बाहेरगावचा. तिकडची नोकरी गेल्यावर तो बायकोला घेऊन सासरी राहायला आला, तो तात्पुरता. हा तात्पुरतेपणा बराच लांबला, तेव्हा त्याला पाणी मऊ करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. तीही कच्ची. कंपनीच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, एखादी अख्खी इमारत मिळवा, तर नोकरी पक्की. नाहीतर कंपनीची बॅग जमा करा. नोकरी पक्की झाली असती तर वेगळं घर घेता आलं असतं, आणि जेवताना 'अजून वाढू का?' या साध्या प्रश्नातून वेगळा अर्थ काढायची त्याची सवयही सुटली असती. तेव्हा त्याने सासऱ्यांच्याच घरात नमुन्याचं यंत्र बसवलं आणि आजची सभा बोलवायला लावली.

"मी आधी त्या पाण्याने आंघोळ करीन," अध्यक्षांनी बजावलं होतं. "मग जो अनुभव येईल तो सभेत जसाच्या तसा सांगीन. जावई म्हणून सूट नाही."

आणि तो अनुभव आता आत चालू होता. नेहमीच्या सवयीने अध्यक्षांनी अर्धी वडी अंगाला घासून संपवली होती.

"बाबा, साबण केव्हाच निघालाय," जावई दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाला. "मऊ पाण्यात कातडी थोडी बुळबुळीत लागते, एवढंच. नुसतं वाटतं तसं."

"वाटतं? अंग माझं आहे की तुमचं?"

"तुमचंच."

"मग गप्प बसा!"

पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज सुरू झाला. तेवढ्यात मागून बायकोने त्याची बाही ओढली.

"अहो, जरा स्वयंपाकघरात या. पळू नका, लोक बघतायत. पण लवकर या."

स्वयंपाकघरात कपडे धुण्याचं यंत्र थरथरत होतं आणि त्याच्या झाकणातून, कडेतून, खालून, जिथून म्हणून वाट मिळेल तिथून पांढराशुभ्र फेस बाहेर येत होता. समोर सासूबाई पदर खोचून, हातात झाडू घेऊन उभ्या होत्या.

"आई, पावडर किती टाकलीत?"

"नेहमीचीच. चार मुठी."

"चार?"

"आणि एक वरून. हॉलमधले पडदे आहेत ना, लोक यायच्या आत व्हायला हवे होते."

जावयाने कपाळाला हात लावला. मग त्याने घाईघाईने बादलीभर पाणी आणून फेसावर ओतलं. पाणी अर्थातच त्याच्याच यंत्रातलं होतं. फेस दुप्पट झाला.

"अगं बाई, हा तर वाढतोय!" सासूबाई मागे सरकल्या.

"बाथरूममध्ये लोटू या," बायको म्हणाली.

"तिथे तुझे बाबा आहेत."

"मग बाल्कनीत?"

"खाली शिंप्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांचे कोट टांगलेत बाहेर."

मग तिघांनी बाहेर येऊन स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ टेकून ते हसऱ्या चेहऱ्याने उभे राहिले. फेसाला दाराशी काही देणंघेणं नव्हतं. तो दाराखालून निघाला, बोळ ओलांडून हॉलमध्ये आला आणि पहिल्याच खुर्चीवर बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या चपलांपाशी थांबला. बाईंनी पाय वर घेतले. जावयाला आपली बॅग साहेबांच्या टेबलावर ठेवलेली दिसू लागली.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "फेस आहे जरासा."

"फेस? आपल्या पाण्याला?"

बाई खाली वाकल्या. त्यांनी ओंजळभर फेस उचलून उजेडात धरला. खालचे शिंपीकाका चष्मा सावरत पुढे आले. त्यांच्या मागून काकू आल्या.

"लग्न होऊन या गावात आल्यापासून एवढा फेस मी पाहिला नाही," काकू फेसात हात बुडवत म्हणाल्या. "यांचे शर्ट घासून घासून माझे हात गेले. किती पावडर घातली तुम्ही?"

जावयाच्या जिवात जीव आला. "एरवी घालतात तेवढीच, काकू. म्हणून तर हे झालं. या पाण्याला चमचाभर पुरे!"

"चमचाभर!" सगळा हॉल एकसुरात म्हणाला.

नेमक्या त्याच वेळी बाथरूमचं दार धाडकन उघडलं. लालबुंद झालेले अध्यक्ष कसाबसा सदरा चढवून तावातावाने निघाले, बोळातल्या फेसावर त्यांचा पाय पडला, आणि ते उभ्या उभ्या सरकत आले ते थेट सभेच्या मधोमध थांबले.

"यंत्र अजिबात घेऊ नका!" त्यांनी आल्या आल्या बजावलं. "टाकी संपली, पण माझा साबण निघाला नाही!"

"अध्यक्ष, तुमचे केस!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अध्यक्षांचे केस जन्मभर ब्रशासारखे ताठ उभे असत. आज ते मऊसूत होऊन कपाळावर आले होते. सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या आणि मग उगाचच लाजून आत गेल्या. त्यानंतर अध्यक्षांचं कुणी काही ऐकलं नाही. यंत्र मंजूर झालं. विरोधात एकच मत पडलं.

अख्ख्या इमारतीला यंत्र बसलं आणि जावयाची नोकरी पक्की झाली. घर शोधायलाही सुरुवात झाली. अध्यक्ष मात्र रोज सकाळी त्या पाण्याशी झुंजत होते. तासभर अंग चोळूनही त्यांना आंघोळ झाल्यासारखं वाटेना. यंत्रात मीठ घालावं लागतं आणि झाडांना ते पाणी चालत नाही, म्हणून मागच्या बागेतला एक नळ तेवढा जुन्या पाण्यावर ठेवला होता. शेवटी एके दिवशी भल्या पहाटे अध्यक्ष बादली घेऊन, चपला हातात धरून, चोरपावलांनी जिना उतरले.

बागेत रांग होती.

"झाडांना पाणी घालावं म्हटलं," शिंपीकाका खाकरत म्हणाले. त्यांच्या गळ्यात टॉवेल होता.

"मला वाटलं, माझ्या एकटीचीच कातडी विचित्र आहे," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "दिवसभर बुळबुळीत वाटतं हो!"

रांगेच्या तोंडाशी, नळाखाली बादली लावून, कंपनीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. अध्यक्षांनी ती पाठ ओळखली.

"जावईबापू?"

जावई दचकून वळला. त्याचा चेहरा पडला होता. "बाबा, कंपनीत कळलं तर नोकरी जाईल हो माझी. पण त्या पाण्यात साबण निघाल्यासारखंच वाटत नाही. काय करू?"

इतक्या वर्षांत या मुलाबद्दल अध्यक्षांना पहिल्यांदाच मनापासून माया वाटली.

"कंपनीत कोण सांगणार? मी?" ते हळूच म्हणाले. "भरा तुमची बादली. आणि त्या दिवशीचा माझा विरोध आजपासून मागे घेतला म्हणून सगळ्यांना सांगा. उगाच मी एकटाच यंत्राच्या विरोधात आहे असं दिसतं."