अर्ध्या कोयत्याचं कार्ड

उचलीच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवायचं नाही, असं आश्रुबाचं ठाम मत होतं. आणि का नसावं? बावीस हंगाम त्यानं मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेऊन ऊस तोडला होता! चार वर्षांपूर्वी शिरूर कासारच्या एका कॉलेजात शिपायाची नोकरी लागली, तेव्हा कुठे हातातला कोयता सुटला. पगारदार झाला म्हणून गेल्या वर्षी बँकेनं त्याला क्रेडिट कार्ड दिलं. मर्यादा चाळीस हजार. आश्रुबानं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पाकिटात आणि पाकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. वर्षभरात एक रुपया खर्च केला नाही. लोकांना मात्र इतक्या वेळा काढून दाखवलं, की त्यावरचं नाव पुसट झालं!

मग त्याच्या मनानं घेतलं, टीव्ही आणायचा. पासष्ट इंची, शहात्तर हजारांचा! घरातल्या भिंतीवर तो मावणार नव्हता, पण ते महत्त्वाचं नव्हतं. टीव्हीसुद्धा फारसा महत्त्वाचा नव्हता. महत्त्वाचं हे, की तो बबनरावाच्या दुकानातून घ्यायचा होता. बबनराव म्हणजे त्याचा जुना मुकादम. बावीस वर्षं दर दसऱ्याला आश्रुबा त्याच्या ओसरीखाली चपला काढून, हात जोडून उभा राहायचा. आता मुकादमकी सांभाळून बबनराव टीव्ही-फ्रीजही विकत होता. त्याच्यापुढे सगळी रक्कम एका दमात टाकायची आणि त्याच्या तोंडून 'बसा आश्रुबाराव' वदवून घ्यायचं! त्या एका 'बसा'साठी आश्रुबा शहात्तर हजार द्यायला तयार होता. कार्ड म्हणजेसुद्धा उचलच, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण ही उचल देणाऱ्यापुढे चपला काढाव्या लागत नव्हत्या.

अडचण एकच. कार्ड चाळीसचं.

अशात बँकेतून दिपाली मॅडमचा फोन आला. “काका, तुमचं कार्ड वर्षभर पडून आहे. बंद करायचं का? आणि ठेवणार असाल तर काकूंच्या नावाचं दुसरं कार्ड फुकट मिळतंय.”

आश्रुबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गडी एकटाच आला तर तो अर्धा कोयता, आणि उचलही निम्मी. म्हणजे बँकेनं वर्षभर आपल्याला अर्ध्या कोयत्यावर राबवलं की!

“पुरा कोयता करा, मॅडम!”

“काय करू?”

“बायकोचं बी काढा!”

“काढते. पण काका, लिमिटचं एक ऐकून घ्या...”

“लिमिटचं मला सांगता? अर्ध्या कोयत्याला किती अन् पुऱ्याला किती, झोपेत इचारा, सांगतो!” आणि त्यानं फोन ठेवून दिला.

सत्यशीला चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. “माज्या नावावर? किती?”

“चाळीस तुजे, चाळीस माजे. नाव तुजं ऱ्हाईल, पण...”

त्या 'पण'च्या पुढचं तिनं ऐकलंच नाही. गळ्यातल्या नुसत्या काळ्या पोतीवरून तिनं पिठाचं बोट फिरवलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

कार्ड आलं. पिन लावायला ती एकटीच बँकेत गेली, याचं आश्रुबाला कोण कौतुक! त्याच्या फोनवर बँकेचे मेसेज येत होते, पण तो मेसेज वाचत नसे. रोज पंधरा जण पाच लाखांचं कर्ज घ्या म्हणून मागे लागायचे, त्यांतलं काय काय वाचणार?

रविवारी दोघं दुकानात गेली. आश्रुबानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सत्यशीलेनं पदर गळ्याभोवती गच्च लपेटला होता.

“का बे आश्रुबा, चार्जर पायजे का?” गल्ल्यावरून बबनरावानं मानही वर केली नाही.

“टीव्ही पायजे. त्यो सगळ्यात मोठा.”

“हप्ते पाडून देऊ?”

“हप्ते कशाला? एकदम!” आश्रुबानं दोन्ही कार्डं काचेवर आपटली. “पुरा कोयता हाय!”

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बबनरावानं कार्डं बघितली, आश्रुबाला बघितलं आणि स्वतः खुर्ची पुढे सरकवली. “बसा, आश्रुबाराव!”

आश्रुबा बसला. पाय लांब करून, चपला न काढता बसला. त्याला वाटलं, बावीस वर्षं वसूल झाली.

ती वसुली तीन मिनिटं टिकली. बबनरावानं आधी आश्रुबाच्या कार्डावर चाळीस हजार टाकले. मशीन नुसतंच किंचाळलं. पुन्हा टाकले. पुन्हा किंचाळलं.

“तुमचं मशीनच खराब हाय!”

बबनरावानं स्वतःचं कार्ड लावून बघितलं. मशीननं झर्रकन पावती काढली!

“मग बायकोचं लावा.”

“नका लावू,” सत्यशीला हळूच म्हणाली.

“कावून?”

“त्यात काय न्हाई.”

“न्हाई कसं? चाळीस हायेत!” आश्रुबानं तिथूनच बँकेच्या मॅडमला फोन लावला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा त्याचा आवाज मोठा केला. बँकेचा अन्याय लोकांनाही कळायला हवा ना!

“काका, दोन्ही कार्डांना मिळून चाळीसच,” दिपाली म्हणाली. “मी तेच सांगत होते, तुम्ही फोन ठेवलात. आणि त्यातले एकोणचाळीस हजार आठशे गुरुवारी काकूंच्या कार्डावरून गेलेत. सराफाच्या दुकानात.”

सत्यशीलेनं पदर सैल केला. काळ्या पोतीत सोन्याचं डोरलं होतं. इवलंसं, तीन ग्रॅमचं.

“आठव्या हंगामात तुमी माजं डोरलं इकलं. म्हन्लात, पुढल्या उचलीत करून देतो. त्याच्यावर चौदा उचली झाल्या.”

“आगं, पण मला इचारायचं तरी!”

“अर्धी उचल माजी व्हती ना? बावीस वर्षांत माज्या हातात एक नोट आली न्हाई. आपली आरोही पोटात व्हती, आठवा म्हैना व्हता, तरी मोळ्या वाहिल्या. का, तर अर्धा कोयता नको धरायला. हे मुकादम बसलेत, इचारा त्यास्नी.”

बबनराव मशीनच्या वायरचा गुंता सोडवायला लागला. वायरीत गुंता नव्हता.

आश्रुबाला संताप आला, लाजही वाटली. ती खोटं बोलली असती तर त्यानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तेच त्याला फार लागलं. मग राग काढायला उरली ती बँक!

“मॅडम, तिचं कार्ड बंद करा! अन् माजं बी!”

“करते काका. पण आधी बिल भरावं लागेल. मूळ कार्ड तुमचं, त्यामुळे बिल तुमच्या नावावर येणार.”

“म्हंजे उचल तिनं घ्यायची अन् फेडायची मी?”

“हो काका. मग सध्या कार्ड चालू ठेवू?”

आश्रुबानं खाली मान घालून सांगितलं, “ठेवा.”

एव्हाना बबनराव सावरला होता. “घाबरू नको बे,” तो म्हणाला. “चाळीस हजार उचल मी देतो. औंदा टोळीत एक कोयता कमीच हाय. अन् ऊठ जरा, गिऱ्हाईक आलंय.”

खुर्ची गेली. दोघं बाहेर आली. आश्रुबानं कार्ड पिशवीत, पिशवी पाकिटात आणि पाकीट आतल्या खिशात घातलं. दोघांच्या कार्डात मिळून आता दोनशे रुपये शिल्लक होते. बराच वेळ तो बोटांवर हिशेब करत चालला आणि शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाला, “आगं, पण हे फिटायला किती म्हैने लागत्याल?”

सत्यशीला डोरलं चाचपत पुढे चालली होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

“लागू द्या की! बावीस वर्षं तुमची उचल फेडताना मी तुमाला कदी इचारलं व्हतं का?”