हजाराव्या पाहुण्याचं पिंप

फुमिएच्या वेबसाइटचा हजारावा पाहुणा आकड्यावर पाय देऊन पळून गेला, हे तोकुजीला कळलं त्या सकाळी जपानमधल्या ईयामा गावात छपरांवरचा बर्फ धपाधप खाली पडत होता. त्याने ताबडतोब मोमोसेला बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, मोमोसे समोरच बसला होता. दहाच्या चहाला तो रोजच येत असे.

"योग्य माणसाकडे आलास," स्वतःचा कप पुढे करत मोमोसे म्हणाला. "या खोऱ्यात गुन्ह्याचा वास येणारं नाक एकच. अडतीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले. नुसत्या आकड्यावरून सांगायचो, कोणाकडे सासू आली, कोणाचा नवरा रुसून गेला, कोण आंघोळ टाळतोय. पोलिसांना गुन्हा घडल्यावर कळतो, मला बिल निघायच्या आधी कळायचा. आकडा माझ्याशी खोटं बोलत नाही, तोकु. माणसं बोलतात. माझी बायकोसुद्धा."

"ताकेयो काय म्हणते?"

"म्हणते, तुम्हाला काही कळत नाही."

तोकुजी कोमियामाचं पुलाजवळ लोणच्याचं दुकान होतं. आदल्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोने, फुमिएने, समाजमंदिरातल्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं आणि दुकानाची वेबसाइट काढायचं ठरवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने सगळा बेत आखला. आधी स्वागत, मग लोणची, मग स्टेशनवरून यायचा रस्ता, आणि शेवटी पाहुण्यांना दोन शब्द लिहायला एक फळा.

"लोणचं लोक टीव्हीत शोधणार का?" तोकुजी विचारायचा.

"टीव्ही नाही तो. आणि दुकानाच्या दारात तुमच्यासारखं तोंड बसलेलं असल्यावर लोक दुसरीकडेच शोधणार."

जाहिरातही तिनेच केली. लोणच्याच्या प्रत्येक पुडीत हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली. न्हाव्याकडे, न्हाणीघरात, स्टेशनच्या बाकावर चिठ्ठ्या चिकटवल्या. वेबसाइटचा पत्ता इतका लांबलचक होता की चिठ्ठीवर दोनदा वळवून लिहावा लागे.

त्या काळी अशा घरगुती वेबसाइटच्या तळाशी एक आकडा असे. पान उघडलं की तो एकाने पुढे सरके. गोल आकडा ज्याच्या वाट्याला येईल त्याने फळ्यावर लिहून कळवायचं आणि मालकाने त्याला काहीतरी भेट द्यायची, अशी रीत होती. न कळवता निघून जाणं म्हणजे जेवून, हात धुऊन, न बोलता उठून जाण्यासारखं. फुमिएने लिहिलं होतं: हजाराव्या पाहुण्याला माझ्या हातच्या नोझावानाच्या लोणच्याचं एक पिंप. अट एकच, फळ्यावर निदान दोन ओळी लिहा.

नोव्हेंबरात तिने नोझावानाचा पाला गार पाण्यात धुतला, मिठात रचला, वर दगड ठेवला आणि पिंपावर कागद चिकटवला, "हजारावा". जानेवारीत ती गेली. तेव्हा आकडा दीडशेच्या आसपास होता.

पिंपाला कोणी हात लावला नव्हता. पण नोझावाना बर्फ असेपर्यंतच खरा. बर्फ वितळला की पाला पिवळा पडतो, आंबतो, आणि जरदाळूला फुलं आली की मग कोणाला देण्याजोगा राहत नाही. आता मार्च संपत आला होता, आकडा एक हजार तीन होता आणि फळा कोरा होता.

"तिने कबूल केलंय," तोकुजी म्हणाला. "ज्याचं आहे त्याला गेलं पाहिजे."

मोमोसेने डोळे बारीक केले. "तोकु, इथे पाणी मुरतंय."

"लोणच्याचं दुकान आहे. मुरणारच."

पहिला संशय पुलापलीकडच्या मारुयो या लोणच्याच्या दुकानावर गेला. मोमोसे वेश बदलून, म्हणजे टोपी उलटी घालून, तिकडे गेला आणि दोन तासांनी परत आला. त्याने तिथे मुळा, काकडी आणि वांगं असे तीन पुरावे तपासले होते.

"काय निघालं?"

"वांगं जरा खारट. माणसं निर्दोष. त्यांच्याकडे संगणकच नाही."

दुसरा संशय परदेशी माणसावर. "साधी गोष्ट आहे," मोमोसे म्हणाला. "लिहिलं का नाही? कारण लिहिता येत नाही. म्हणजे परका. डोंगरावर स्कीइंगला येतात त्यातला उंच, लाल मिशांचा."

"मिशा कुठून आल्या?"

"तर्क म्हणतात त्याला."

लाल मिशांचा माणूस सापडला नाही. एक सापडला, पण तो जपानमधल्याच नागोयाचा होता आणि उन्हाने लाल झाला होता.

मग मोमोसेने फुमिएच्या वर्गातल्या बाईंना गाठलं. त्यांनी आकड्याच्या मागे असलेला तक्ता छापून दिला. पान केव्हा केव्हा उघडलं गेलं त्या सगळ्या वेळा त्यात होत्या. मोमोसेच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीनंतर असं वाचन त्याला मिळालं नव्हतं. तीन दिवस तो तक्ता घेऊन बसला आणि चौथ्या दिवशी चहाला आला तो छाती काढूनच.

"ऐक. बाहेरचं कोणी नाहीच. जानेवारीपासून एकच माणूस येतोय. रोज अकरा-बारा वेळा. पहिली खेप पहाटे पाचला. म्हणजे भिक्षू, दूधवाला, नाहीतर झोप उडालेला माणूस. मग दहाला, मग तीनला, मधेमधेही. दिवसभर घरात असतो. बोलायला कोणी नसावं. फक्त बुधवारी दुपारी येत नाही."

"बुधवारी दुपारी बाजार बंद असतो," तोकुजी म्हणाला. बुधवारी दुपारी तो स्वतः देवळामागे फुमिएच्या समाधीच्या दगडावर पाणी घालायला जाई.

"म्हणजे बाजारातला माणूस! वय सत्तरीकडे झुकलेलं. स्वभाव हट्टी. लोणच्याची आवड."

"बिचारा," तोकुजी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. "सापडला तर नुसतं पिंप नको, जेवायलाही बोलावू."

त्याला शोधायला मोमोसेने गावभर पत्रकं लावली. "हजारावे पाहुणे, तुम्ही कोण आहात हे आम्हाला माहीत आहे. मुकाट्याने या आणि लोणचं घेऊन जा." दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली. इतकी गर्दी फुमिएच्या सगळ्या चिठ्ठ्यांनी मिळून जमवली नव्हती. चार जणांनी आपणच हजारावे असल्याचा कबुलीजबाब दिला. त्यात न्हावी कुत्सुकाके होता आणि देवळाचे गुरुजीही होते.

मोमोसेने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "पानाच्या अगदी वर काय लिहिलंय?"

"दुकानाचं नाव," न्हावी म्हणाला.

"चूक!"

"बुद्धाला नमस्कार," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुम्ही तरी!"

"पिंपभर नोझावाना आहे हो, मोमोसेसान. माणूस मोहात पडतो."

चौघांपैकी एकानेही ते पान कधी पाहिलेलं नव्हतं. तोकुजी आत जाऊन बसला. पिंपातल्या दगडाच्या कडेने वर आलेलं पाणी हिरवं राहिलं नव्हतं.

तेवढ्यात ताकेयो आली, नवऱ्याची राहिलेली टोपी घेऊन.

"तोकुजीसान, किती वेळा फोन केला तुम्हाला! यांची टोपी घरीच राहिलीय म्हणून सांगायचं होतं. फोन सदा गुंतलेला. सकाळी गुंतलेला, दहाला गुंतलेला, तीनला गुंतलेला. जानेवारीपासून हेच. इतकं कोणाशी बोलता?"

"कोणाशी नाही. संगणक फोनच्याच तारेवर चालतो, तो लावला की फोन अडतो."

"अहो, मधे बोलू नकोस," मोमोसे बायकोला म्हणाला. गडबडीत त्याचं अहो आणि अगं उलटं झालं. "इथे तपास चाललाय."

ताकेयोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "संगणक कशाला लावता?"

"चहा ठेवला की लावतो," तोकुजी म्हणाला. "पाणी उकळेपर्यंत. वर तिचं लिहिलेलं आहे ना. 'बाहेर गारठा आहे. आधी आत या, चहा घ्या.' ते वाचतो आणि मग चहा घेतो."

"दिवसाला किती चहा?"

"अकरा. थंडी असली तर बारा."

बाहेर छपरावरून बर्फाची एक मोठी लादी खाली आली. मोमोसे हातातल्या तक्त्याकडे बघत राहिला.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "गुन्हेगार माझ्याच समोर बसून मला चहा पाजत होता."

"पण मी कसा असेन?" तोकुजी म्हणाला. "मी घरचा माणूस. घरच्या माणसाला पाहुणा कोण म्हणतं?"

"मीटर म्हणतो," मोमोसे हळूच म्हणाला. "नळ घरच्याने उघडला तरी मीटर फिरतोच."

"अडतीस वर्षांत एकदा बरोबर बोललात," ताकेयो म्हणाली, आणि मग तोकुजीकडे वळली. "म्हणजे पिंप तुमचं आहे. फुमिएसानने कबूल केलंय."

तोकुजीने बराच वेळ कागदावरचा "हजारावा" वाचला. मग त्याने आणि मोमोसेने मिळून दगड उतरवला. मोमोसेने मदत करता करता पहिला देठ तोंडात टाकला. पाला काठाने पिवळा पडला होता, थोडा आंबला होता, पण अजून कुरकुरीत होता.

"पुरावा उत्तम," मोमोसे तोंड भरून म्हणाला.

बाहेर रांग होतीच. तोकुजीने प्रत्येकाच्या हातावर मूठभर नोझावाना ठेवला. गुरुजींनी दोनदा हात पुढे केला. न्हाव्याने वेबसाइटचा पत्ता पुन्हा लिहून मागितला, आणि या वेळी तो घरी गेल्यावर खरंच उघडून बघेल असं वाटलं.

लोक गेल्यावर तोकुजी संगणकासमोर बसला. फोनच्या तारेने कर्रर्र केलं, पान उघडलं, आकडा एकाने पुढे सरकला. त्याला टंकायची सवय नव्हती. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्याने फळ्यावर लिहिलं: "हजारावा मीच. पळालो नव्हतो, इथेच होतो."

ही एक ओळ झाली. अट दोन ओळींची आहे. दुसरी लिहायची राहिली आहे.