धनराजकाकांच्या खिशातला भोंगा

तुमसरच्या आमच्या गल्लीत राइस मिलचा भोंगा वेळीअवेळी वाजतो, कारण तो मिलमध्ये नाही, धनराजकाकांच्या खिशात वाजतो. मिलमध्ये धान भरडायच्या मशीनवर काकांचा जन्म गेला. निवृत्त होताना त्यांनी भोंग्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला आणि घरच्या राउटरच्या अलर्टला लावला.

राउटर त्यांच्या मुलाने हैदराबादला परत जाताना बसवून दिला होता. काकांनी सेटिंगमध्ये शिरून मर्यादा ठरवल्या. लाइनवर ताण वाढला की भोंगा, स्पीड पडला की भोंगा. पासवर्ड त्यांनी स्वतःच गल्लीभर वाटलेला, त्यामुळे भोंग्याला उसंत नसे. तो वाजला की काका बनियनवरच बाहेर पडत आणि दारोदार विचारत, "कोनाचा लोड आहे गा?" समोरच्या घरी मुलीचं साक्षगंध होतं, तेव्हाही ते मांडवात शिरले आणि नवरदेवाच्या मामाला व्हिडिओ बंद करायला लावून आले. नंतर जेवूनही आले.

शेवटी गल्ली कंटाळली. एकेका घराने आपापलं कनेक्शन घेतलं, मीही घेतलं. आता काकाही सुखी आणि आम्हीही, असा माझा हिशेब होता.

पण भोंगा पहिल्यापेक्षा जास्त वाजू लागला. एका दुपारी वैतागून मी त्यांच्याकडे गेलो. काका राउटरवर बसलेला मिलचा कोंडा फडक्याने पुसत होते. तुमच्या लाइनवर आता चिटपाखरू नाही, मग हा बोंबलतो कशाला, असं मी विचारलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. वापर अगदीच कमी झाला, तरी वाजायचं असा एक अलर्ट त्यांनी लावला होता.

"भरल्या मशीनले काही होत नाही," काका म्हणाले. "रिकामी फिरली का रबराचे रोल एकमेकाले खातेत. म्हणून लावून ठेवला होता. आधी कधी वाजलाच नाही."

तेवढा एक काढून टाका, मी सुचवलं.

ते पुसतच राहिले. "काढू कायले? तुयी काकू गेली तवापासून घरात तेवढाच तर आवाज आहे."

मला फार वाईट वाटलं. चहा नको म्हणत उठलो.

संध्याकाळी घरातले सगळे फोन आणि टीव्ही मी काकांच्या वायफायला जोडले आणि प्रत्येकावर एकेक सिनेमा सुरू केला. थोड्याच वेळात पलीकडे भोंगा वाजला आणि दारात बनियन उभं राहिलं.

"कोनाचा लोड आहे गा?"

"माझा, काका."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग ओळीने मांडलेल्या फोनांकडे.

"मंग चालू दे," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.