उभयपक्षांस दीर्घायुष्य

सृष्टीला कर्ता आहे की नाही, हा प्रश्न सोडवायला माणसाजवळ फुरसत, भरलेलं पोट आणि ऐकून घेणारं कोणीतरी, एवढा सरंजाम असावा लागतो. वऱ्हाडात ऐकून घेणारी माणसं पूर्वीपासून होती. उरलेल्या दोन गोष्टींची सोय अमेरिकेतल्या लोकांनी केली. त्यांनी आपसात लढाई सुरू केली, त्यांचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि विलायतेतल्या गिरणीवाल्यांना अकस्मात साक्षात्कार झाला की अमरावती आणि अकोला नावाची दोन गावं पृथ्वीवर आहेत. पुढची तीन-चार वर्षं कापसाचा भाव असा चढत गेला की शेतकऱ्यांच्या घरात छत्र्या, झुंबरं आणि मतं येऊ लागली.

चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात जानराव म्हणून शेतकरी होते. त्यांच्या घरी जे मत आलं ते असं की, देव नाही. (झुंबर त्यांनी घेतलं नाही. छत फार बसकं होतं.)

जानराव तऱ्हेवाईक नव्हते. काळी कसदार जमीन, बोलणं कमी, वागणं सरळ. आपलं मत त्यांनी कधी कोणावर लादलं नाही. विचारलं तर सांगत, न विचारलं तर गप्प बसत. गावानेही राग धरला नाही. देव न मानणाऱ्याचा कापूस काट्यावर कमी भरत नाही, हे सर्वांना माहीत होतं. शिवाय देवळाच्या भंडाऱ्याची वर्गणी ते वेळेवर देत. ही गोष्ट गावातल्या बऱ्याच आस्तिकांना श्रद्धेच्या भरात जमत नसे.

अमरावतीचे हरिहरशास्त्री यांनी मात्र त्यांना सन्मार्गाला लावण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न केला. शास्त्रीबुवा विद्वान होते आणि स्वभावाने गरीब होते. जानरावांच्या ओसरीवर मुंबईहून आणलेलं घड्याळ टांगलेलं पाहून त्यांनी विचारलं की, हे आपोआप झालं का? जानराव म्हणाले, नाही. मग एवढ्या घड्याळाला जर करणारा लागतो, तर एवढ्या विश्वाला लागणार नाही का? जानरावांनी घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं. ते दिवाळीपासून बंद होतं आणि ते दुरुस्त करणारा साऱ्या वऱ्हाडात नव्हता.

"करनारा असंन महाराज," ते म्हणाले. "पन त्यानं करून ठेवलं आन् तो गेला मुंबईले. आता याच्याकडं पाह्याले कोनी नाई."

शास्त्रीबुवा त्यावर पाणी पिऊन निघून गेले.

जानरावांची बायको मैनाबाई हिची श्रद्धा निराळ्या जातीची होती. ती देवाशी रोज भांडत असे. गाय आटली की भांडे, पाहुणे अवेळी आले की भांडे, आणि नवरा नास्तिक केल्याबद्दल तर फुरसत मिळेल तेव्हा भांडे. समोर कोणी नसताना शहाणं माणूस एवढं बोलत नाही, यापलीकडे देवाच्या अस्तित्वाचा पुरावा तिने कधी मागितला नाही.

त्यांची मुलगी शकुन हिची सोयरीक भगवंतरावांच्या मुलाशी ठरली होती. भगवंतराव शेतकरीच, पण कापसाने वर आले आणि अमरावतीत माडी बांधून राहिले. लग्न वैशाखात होतं. शकुनला मुलगा पसंत होता. (तिला कोणी विचारलं नव्हतं. पण त्याचं नाव निघालं की ती पाणी आणायला जाई, आणि त्या घरात आता पाणी ठेवायला भांडं उरलं नव्हतं.)

अशा सुरळीत वेळी, चैत्रात, मुंबईहून बातमी आली की अमेरिकेतली लढाई थांबण्याच्या बेतात आहे.

भाव डळमळू लागला. आणखी चढेल म्हणून ज्यांनी कापूस घरात भरून ठेवला होता, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भगवंतरावांच्या माडीवर सभा भरली. मुंबईच्या एका वर्तमानपत्रातला मजकूर वाचून दाखवण्यात आला. तिकडे माणसं किती मेली याचा त्यात अदमास होता. तो ऐकून सभेने हळहळ व्यक्त केली, आणि मग कोणीतरी विचारलं की, अजून किती शिल्लक आहेत? पुष्कळ आहेत असं समजल्यावर सभेला हुशारी आली.

मग अनुष्ठान करण्याचं ठरलं. पाऊस पडावा म्हणून अनुष्ठान होतं, तर लढाई टिकावी म्हणून का होऊ नये, या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नव्हतं. अडचण होती ती फक्त मजकुराची. माणसं मरत राहोत, असं उघड मागणं बरं दिसत नव्हतं. हरिहरशास्त्री एवढ्या कामासाठी काशीस बारा वर्षं शिकून आले होते. त्यांनी थोडा विचार करून संकल्पाची भाषा सुचवली: तिकडील उभयपक्षांस दीर्घायुष्य लाभो, आणि त्यांचा निश्चय न ढळो. यात कोणाचंही वाईट चिंतलेलं नव्हतं. दोन्ही सैन्यांचं एकदम कल्याण चिंतणारं इतकं उदार मागणं त्यापूर्वी जगात कुठे झालं असेल असं वाटत नाही. सभा गहिवरली.

दोन किरकोळ शंका निघाल्या. एक, अमेरिका कोणत्या दिशेला येते. ती पायाखाली, म्हणजे पाताळात येते, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं, तेव्हा अक्षता खाली टाकाव्यात असं ठरलं. दुसरी, तिकडच्या कारभारात इकडच्या देवाचा हुकूम चालतो काय. शास्त्रीबुवा म्हणाले की जगत्कर्ता एकच आहे, कचेऱ्या तेवढ्या निरनिराळ्या.

संकल्पाला मोठ्या शेतकऱ्यांनी सपत्नीक बसायचं होतं. जानरावांचा कापूस पुष्कळ, आणि ते होणारे इवाई, म्हणजे व्याही, म्हणून त्यांना मानाने पहिल्या पाटावर बसायला सांगण्यात आलं. नास्तिक माणूस फार तर हसेल आणि नारळ फोडून मोकळा होईल, असा सर्वांचा हिशेब होता.

जानराव नाही म्हणाले.

भगवंतराव समजुतीने म्हणाले की, तुम्ही मानत नाही हे ठाऊक आहे, नुसतं बसायचं. जानराव म्हणाले, बसणार नाही. अहो, जे नाहीच त्याच्यापुढे बसायला हरकत काय? जानराव पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिले.

"आन् समजा, त्यानं आइकलं तं?"

 एवढ्या श्रद्धाळू मंडळींपैकी ही शक्यता कोणाच्या मनात आली नव्हती.

प्रथम भगवंतराव सावरले. त्यांनी जानरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अनुष्ठानाचा मुख्य यजमान एका नास्तिकाला धीर देऊ लागला. "असं काई होत नसते, इवाईबुवा. तुमी उगीच जिवाले लावून घेता."

"मंग करता काहून?"

"करा लागते."

शास्त्रीबुवांनी त्यांना बाजूला नेऊन खालच्या आवाजात सांगितलं की, मी आजवर पावसासाठी इतकी अनुष्ठानं केली, तुम्ही मुळीच भिऊ नका. जानराव हात जोडून म्हणाले की, महाराज, माझा भरवसा तुमच्याइतका पक्का नाही. तो नसेल असं मला वाटतं. पण उद्या तिकडे लढाई चालू राहिली, तर माझ्या डोक्यातून हे जाणार नाही.

भगवंतरावांनी समजावणं सोडून दिलं. देव न मानणारा इवाई चालला असता, ते म्हणाले, त्यात घराण्याला कमीपणा नाही. पण सभेचा एकमुखी ठराव मोडणारा माणूस कोणत्या धर्माचा समजायचा? वैशाखातल्या लग्नाचं नंतर पाहू.

घरी आल्यावर जानरावांनी सगळं बायकोला सांगितलं. मैनाबाईने कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर देव नाही म्हणालात, ती म्हणाली, आणि पोरीच्या लग्नाच्या तोंडावर तुम्हाला त्याची आठवण झाली.  शकुन चुलीजवळ भाकरी थापत होती. ती थापायची थांबली नाही, पण ती भाकर दोघांना पुरेल एवढी मोठी झाली.

जेवणं उरकल्यावर मैनाबाईने विचारलं, "मांगून काय राह्यले ते देवाले? नीट सांगा."

जानरावांनी संकल्प सांगितला. तिला तो कळला नाही. मग त्यांनी त्याचा अर्थ सांगितला. तो कळल्यावर ती भांडली नाही. देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली आणि नेहमीचं बोलणंही बोलली नाही. दिवा लावला, उठली आणि म्हणाली, "म्या जाते."

जानरावांना वाटलं, बायको पोरीसाठी पाटावर बसायला निघाली. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी बैल जुंपून दिले. लेकीच्या संसारापुढे आपलं मत नेऊन उभं करण्याची त्यांची आणखी हिंमत नव्हती.

अनुष्ठान थाटात झालं. तूप कमी पडलं नाही, ब्राह्मण तृप्त झाले, अक्षता खाली पडल्या. मैनाबाई बायकांत मागे बसली होती. डोळे मिटून सारखी पुटपुटत होती. तिची ही निष्ठा पाहून भगवंतरावांच्या घरच्यांनी जाताना तिची ओटी भरली, आणि लग्नाचं पुन्हा बोलता येईल असंही सुचवलं.

अक्षय तृतीयेनंतर थोड्याच दिवसांत मुंबईची पक्की बातमी आली. लढाई संपली होती. भाव असा बसला की भरल्या कापसाकडे कोणी ढुंकून पाहीना.

देवाचं अस्तित्व सिद्ध करण्याची गरज अशा वेळी फार तीव्रतेने भासते, कारण दोष कोणाला तरी द्यायचा असतो. माडीवर पुन्हा सभा भरली. जानरावांना बोलावणं गेलं. मैनाबाई न बोलावता बरोबर गेली. भगवंतराव म्हणाले की, पहिला पाट रिकामा राहिला, नास्तिकाने अपशकुन केला, म्हणून अनुष्ठान फळलं नाही. लग्न तर मोडलंच, शिवाय जातीने यांच्या हातचं पाणी घ्यावं की नाही याचाही विचार व्हावा. जानराव खाली मान घालून ऐकत होते. 

दाराशी उभी असलेली मैनाबाई पदर सावरून पुढे आली.

"याईले काहून बोलता? यायचं देवाशी बोलनं बी नाई. म्या मांगतलं. तुमी तिकडं मांगत होते, म्या मांगं बसून म्हनलं, देवा, यायचं आइकू नको. तिकडच्या बायाइचे लेकरं घरी जाऊ दे."

 त्या क्षणी वऱ्हाडच्या धार्मिक इतिहासातली एक मोठी गोष्ट घडली: देव आहे, यावर सर्वांचा पहिल्यांदाच विश्वास बसला. अकरा ब्राह्मण आणि मणावारी तूप यांनी काही होईल असं ज्यांना एक क्षणही वाटलं नव्हतं, त्यांना मागल्या रांगेतल्या एका बाईच्या पुटपुटण्याने सातासमुद्रापलीकडची दोन सैन्यं घरी गेली, हे लगेच पटलं. जो तो तिच्यापासून थोडा सरकून बसला.

त्या सभेत एकट्या जानरावांनी हरकत घेतली. वर्तमानपत्रातली तारीख पाहा, ते म्हणाले, अनुष्ठानाचा पहिला नारळ फुटला त्याच्या आधीच तिकडे हत्यारं खाली ठेवली होती. तुमचं मागणं काय आणि हिचं काय, दोन्ही उशिरा पोचली. परंतु शास्त्रीबुवांनी खुलासा केला की, ईश्वर त्रिकालज्ञ आहे. मैनाबाई काय मागणार, हे त्याला अगोदरच ठाऊक होतं. मग आम्ही काय मागणार, तेही ठाऊक असेल, असं कोणीतरी म्हणालं. शास्त्रीबुवा म्हणाले, हो, आणि उपरणं उचलून उठले. त्यानंतर पैसे घेऊन अनुष्ठान करायला ते बरेच दिवस कुठे गेले नाहीत असं म्हणतात.

लग्न वैशाखातच झालं. घाई भगवंतरावांनी केली. देवापाशी असं वजन असलेली बाई नात्यात असलेली बरी, नात्याबाहेर मोकळी सोडणं धोक्याचं, असा त्यांनी सरळ विचार केला. मांडव साधा होता. मैनाबाईच्या पंक्तीला भगवंतराव स्वतः वाढत होते, आणि काही कमी आहे का, काही मनात आहे का, असं वारंवार विचारत होते. जानरावांचाही कापूस इतरांसारखाच पडून राहिला. बायकोने नवऱ्याचं नुकसान मागून घेतलं, अशी ती वऱ्हाडातली एकच हकिकत असावी. जानरावांनी त्याबद्दल तिला कधी बोल लावला नाही. उलट सासरी जाणाऱ्या शकुनला त्यांनी एवढंच सांगितलं की, आईसारखी राह्य.

आता तरी देव मानता का, असं पुढे कोणी विचारलं की ते म्हणत, "नाई. पन मैनेले मानतो."

वाचकांना ही गोष्ट जुन्या काळच्या अडाणी लोकांची वाटली असेल, आणि तसं वाटणं योग्यच आहे. अलीकडे आपण संकल्प वगैरे करत नाही. मुलाची परीक्षा असते, घरात कोणाची मुलाखत असते, जागा एक असते, आणि आपण दुकानात जाता जाता देवळापुढे चप्पल न काढता हात जोडतो. ती जागा आपल्याला मिळायची तर बाकीच्यांच्या घरी काय व्हायला हवं, याचा त्या वेळी आपल्याला घोर लागत नाही. लागण्याचं कारणही नसतं. तो खरंच ऐकेल इतकी आपली श्रद्धा नाही. आणि हात धरून अडवायला घरात एखादा नास्तिक असावा, तर तशी माणसं आता मिळत नाहीत.